समोरून मारलेले दिवे

आमचे हे बस चालवायचे. एकतीस वर्षं, त्यातली शेवटची चौदा आरे कॉलनीतून जाणाऱ्या रूटवर. त्यामुळे दुसऱ्यांच्या घरी पाहुणे आले की ज्या गप्पा राजकारणावर जातात त्या आमच्याकडे खड्ड्यांवर जायच्या. कुठल्या वळणावर झाड वाकलंय, कुठल्या तबेल्याजवळ म्हशी रस्त्यात बसतात आणि हॉर्न दिला तरी ढिम्म हलत नाहीत, सगळं मला पाठ. मी स्वतः शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते, पण आरेच्या रस्त्याची परीक्षा कुणी घेतली असती तर पहिली आले असते.

ड्रायव्हर लोकांची एक रीत होती. समोरून दुसरी बस आली की हेडलाईट दोनदा मिचकावायचे. त्याला ते दिवा मारणं म्हणायचे. बोलायला वेळ नाही, थांबायला जागा नाही, मग दिवा मारायचा. काय, बरा आहेस ना? समोरच्याने परत मारायचा. बरा आहे. भांडण झालं की पहिला दिवा बंद व्हायचा. एकदा ह्यांचं आणि ह्यांच्या एका दोस्ताचं ड्युटीच्या अदलाबदलीवरून वाजलं, तर तीन महिने दोघं एकमेकांसमोरून तोंड फिरवून जात होते. मी म्हटलं, काय पोरांसारखं करता हे, पन्नाशीला आलात. तर मलाच म्हणाले, "तुका काय कळता गो? जो दिवो मारणा नाय, तो माणूस आपल्याक मेलो. समाजला?"

हे रिटायर झाले त्या दिवशी शेवटच्या फेरीला मी बसमध्ये होते. अगदी पुढच्या सीटवर, ठेवणीतली साडी नेसून, मांडीवर पेढ्यांचा बॉक्स. संध्याकाळ झाली होती. समोरून येणारी एकूण एक बस दिवा मारत होती. तो रुसलेला दोस्तसुद्धा. त्याने तर बस थांबवून, खिडकीतून अर्धा बाहेर येऊन शिट्टी मारली. ह्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण मला आरशात दिसत होतं, डोळे भरून आले होते. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पुढे मी जो गाढवपणा केला तो ह्यामुळे केला, म्हणून आधी सांगून ठेवते.

रिटायर झाल्यावर ह्यांनी सेकंडहँड गाडी घेतली. छोटी, पांढरी. आयुष्यभर बस चालवलेला माणूस त्या डबड्यात बसला की गुडघे स्टिअरिंगला लागायचे. पहिल्याच दिवशी गाडी डेपोत नेली, सगळ्यांना दाखवली, पेढे वाटले. यंदा गणपतीला आपल्या गाडीने गावी जाऊ म्हणत होते. गणपती दोन महिन्यांवर आले आणि हे गेले. सकाळी चहा मागितला, मी गॅसपाशी गेले, कप घेऊन बाहेर आले तर पेपर हातात तसाच आणि मान खाली. त्यावर जास्त लिहवत नाही.

गाडी चारकोपच्या आमच्या सोसायटीत कव्हर घालून उभी राहिली. वर मांजर झोपायची. मुलगा बंगळूरला असतो. चांगला आहे, दर रविवारी फोन करतो आणि दर रविवारी म्हणायचा, आई, गाडी विकून टाक. मी म्हणायचे, बघू. मग एक दिवस सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले. म्हणाले, "वहिनी, गाडी वापरात नसेल तर पार्किंगची जागा सोडता का? वेटिंगवर लोक आहेत."

माझं टाळकं सटकलं. वास्तविक त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण हे जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि त्यांची एकेक वस्तू घरातून जात होती. युनिफॉर्म दिला, चपला दिल्या, औषधं टाकली. आता जमिनीवरचा तो पांढऱ्या पट्ट्यांतला चौकोनसुद्धा द्यायचा? मी म्हटलं, "वापरात नाही असं कोण म्हणतं? मीच चालवणार आहे." ते हसले. मीसुद्धा त्या क्षणापर्यंत असा काही विचार केलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी जाऊन ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. वय अठ्ठावन्न.

शिकताना काय काय झालं ते सांगत बसले तर हसून मराल. क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडायची. शिकवणारा बिचारा देव मानणारा होता, दर सिग्नलला छातीला हात लावायचा. पण लायसन्स मिळालं. पहिल्याच प्रयत्नात, हे मुद्दाम सांगते.

आता गाडी आली तर जायचं कुठे? माझी नणंद मुलुंडला राहते. तिचे गुडघे गेलेत, घराबाहेर पडत नाही. म्हणून दर बुधवारी तिच्याकडे मासे घेऊन जायचं ठरवलं. सकाळी गोराईहून येणारी कोळीण आमच्या मार्केटात बसते, तिच्याकडून बोंबील नाहीतर मांदेली घ्यायची, साफ करून मीठ-हळद लावून डब्यात भरायची, आणि दुपारी निघायचं. गोरेगावला आरेत शिरायचं आणि पलीकडे पवईला निघून मुलुंड गाठायचं. लोक म्हणाले, दुसरे चांगले रस्ते आहेत की. असतील. मला हा एकच येत होता.

नणंदेकडे पोचले की ती डबा घ्यायची आणि टीव्ही बघत तिच्या गुडघ्यांबद्दल बोलायची. भावाबद्दल बोलायची नाही. मी काही काढलं तर म्हणायची, "जाऊ दे ना वहिनी, कशाला खपली काढतेस?" तिचंही बरोबर होतं. पण मला खपली काढायची होती ना! मी कुणाजवळ काढायची? एकट्या बाईशी दिवसभर कोण बोलतं? जिन्यात भेटलेला माणूस "काय, बरं आहे ना?" विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आत अर्धा जिना उतरलेला असतो. कधीकधी संध्याकाळी मुलाला मेसेज पाठवताना लक्षात यायचं, आज दिवसभरात तोंडातून आवाजच निघाला नाही. मग देवाजवळ दिवा लावताना मुद्दाम मोठ्याने आरती म्हणायची, घसा चालू आहे का बघायला.

थंडीच्या दिवसांत सहा वाजले की आरेत अंधार पडतो. झाडं दोन्ही बाजूंनी आत आलेली, दिव्याचा खांब इथे एक तर पुढचा कुठे देव जाणे. आमच्या गाडीच्या हेडलाईटच्या काचा उभ्या उभ्या पिवळ्या पडल्या होत्या, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारख्या. मुलुंडहून परत येताना तिसऱ्या का चौथ्या बुधवारी मी एका खड्ड्यात अशी काही आदळले की डिकीतला रिकामा डबा उडून मागच्या काचेला लागल्याचा आवाज आला. तो खड्डा मला माहीत असायला हवा होता. पण ह्यांच्या वेळचे खड्डे बुजले होते आणि नवे झाले होते. रिम वाकली, टायरला फुगा आला. स्टेपनी बदलायला एक रिक्षावाला थांबला म्हणून, नाहीतर तिथेच रडत बसले असते.

रविवारी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "आई, बास झालं. वाट लावून घेशील स्वतःची. विक ती गाडी." मी म्हटलं, "गाडीला काही झालेलं नाही. दिवे जुने झालेत. नवे बसवते."

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत एक मिस्त्री आहे. माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर चढवलेला, गाडीचे दिवे आणि वायरिंग हेच काम करतो. त्याने काचा घासून स्वच्छ केल्या, आतले जुने बल्ब काढले आणि एलईडी बसवले. लावून दाखवले तर दिवसासुद्धा समोरचं शटर लखलखलं. मी म्हटलं, "अगं बाई, हे तर लग्नाच्या हॉलसारखं झालं!" तो म्हणाला, "झकास ना काकी? पण आत्ता ऊन आहे, फोकस नीट बसवता येत नाही. संध्याकाळी अंधार पडला की या. भिंतीसमोर गाडी उभी करून दिव्याची उंची सेट करून देतो. विसरू नका हां, ते महत्त्वाचं आहे."

"येते," मी म्हटलं.

गाडीला नवीन काही केलं की नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, हा ह्यांचा शिरस्ता. मालवणी माणूस गाऱ्हाण्याशिवाय सायकलची ट्यूबसुद्धा बदलत नाही. गाऱ्हाणं घालणारा एक असतो आणि बाकीच्यांनी मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. मी सोसायटीत गाडीसमोर नारळ ठेवला आणि हळूच म्हटलं, "बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेक, गाडी चालवणाऱ्या ह्या लेकराक सांभाळ रे म्हाराजा." मागून म्हणायला कोण होतं? वॉचमन पाईप घेऊन झाडांना पाणी घालत होता. मग मीच म्हटलं, "व्हय म्हाराजा." इकडेतिकडे बघितलं आणि नारळ फोडला.

तो बुधवारच होता. मुलुंडहून परत येताना आरेत शिरले आणि काय सांगू, रस्ता दिसायला लागला! झाडांचे बुंधे दिसले, वरच्या फांद्या दिसल्या, लांबच्या वळणावरच्या म्हशीचे डोळे चमकले. मी मनात मिस्त्रीला दुवा दिला. तेवढ्यात समोरून लाल बस आली आणि तिने दिवा मारला. दोनदा.

मी मागे कुणी गाडी आहे का पाहिलं. कुणी नव्हतं. म्हणजे मलाच. मला म्हणजे ह्यांच्या गाडीला. डेपोत सगळ्यांनी पाहिलेली होती ना गाडी. पेढे खाल्ले होते. बस शेजारून निघून गेली तेव्हा मला आठवलं की उत्तर द्यायचं राहिलं. केवढी मोठी चूक! पुढच्या बसला मी तयार होते. तिने दोनदा मारला, मी दोनदा मारला. तिने परत मारला. मी गाडीत एकटी, मोठ्याने म्हणाले, "अहो, बघताय ना? अजून मारतात हो तुम्हाला दिवा."

घरी जाताना मिस्त्रीचं दुकान लागलं. उघडं होतं, तो दारात उभाही होता. मी थांबले नाही. डोळे रडून लाल झालेले, कशाला कुणाला तोंड दाखवायचं. आणि दिव्यांचं काम तर फक्कड झालं होतं. आता आणखी काय सेट करायचं?

पुढच्या बुधवारी फक्त बसच नाही, रिक्षावाले, टेम्पोवाले, सगळे दिवा मारत होते. मी म्हटलं, का नाही मारणार, चौदा वर्षं त्याच रस्त्यावर होता माणूस, ओळखी काय फक्त बसवाल्यांशी असतात? एका टेम्पोवाल्याने तर गाडी हळू करून काच खाली घेतली आणि हात हलवून हलवून काहीतरी बोलला. माझ्या काचा बंद होत्या, ऐकू आलं नाही. मी स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी नमस्कार केला. तो बघतच राहिला. आता आठवलं की मला घाम फुटतो.

मग बुधवारची वाट बघवेना. सोमवारीही जायला लागले. नणंद म्हणाली, "परवाच तर आली होतीस." तेव्हा मुलुंडपर्यंत जाणंच सोडलं. रोज संध्याकाळी साडेसहाला निघायचं, आरेतून पवईकडे जायचं, तिथे टपरीवर एक कटिंग प्यायचा आणि वळून परत यायचं. काम काही नाही. निघण्याआधी बरा ड्रेस घालायचे, टिकली लावायचे, केस नीट करायचे. कुणीतरी भेटणार आहे, अवतारात कसं जायचं? येताजाता तीसेक तरी दिवे व्हायचे. चारकोपच्या घरात चोवीस तासांत एक माणूस विचारत नव्हता आणि इथे तीस माणसं विचारत होती, काय, बऱ्या आहात ना? मी परत मारायचे. बरी आहे. खरंच बरी होते. त्या दोन महिन्यांत मला नीट झोप लागायची, दोन चपात्या जास्त जायच्या.

आणि आणखी एक होतं, तेही लिहिते. हे गेले आणि महिन्याभरात जग पुढे गेलं. सगळे पुढे गेले, पोटचा पोरगासुद्धा. ह्यांची आठवण ठेवणारी मी एकटी उरले, आणि मी विसरले तर हा माणूस कधी होता की नाही हेच कळणार नाही, अशी मला भीती वाटायची. आरेतल्या त्या दिव्यांनी माझी ती भीती काढली होती. मी एकटी नव्हते आठवणारी. त्या रस्त्यावर हे अजून होते.

रविवारी मुलाला सांगितलं. "तुझ्या बाबांना अजून रोज सलाम होतो, माहितेय?" तो चाचरत म्हणाला, "आई, तुझी लाईट अप्परवर नाही ना? म्हणजे डोळ्यांवर लाईट आली की पण लोक दिवे मिचकावून डिपर मारतात, म्हणून म्हटलं."

मी अशी भडकले! "तुला काय कळतंय रे त्यातलं? तू डेपोत वाढलायस का?"

"हो," तो म्हणाला. डेपोच्या क्वार्टर्समध्येच तर वाढला होता बिचारा. मी फोन ठेवला. पुढचे दोन रविवार उचलला नाही. आता कबूल करते, तो म्हणाला ते मला त्याच क्षणी कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच एवढा राग आला. लाईट अप्परवर, म्हणजे लांबच्या झोतावर, आहे का म्हणून मी खाली जाऊन बघितलंसुद्धा. अप्परवर नव्हती. मग मी मनाला सांगितलं, बघ, नाही आहे. मिस्त्रीने सांगितलेली दिव्याची उंची मी स्वतःला आठवूच दिली नाही.

जानेवारीतली गोष्ट. संध्याकाळचे साडेसात. समोरून एक मोटरसायकल येत होती, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन बांधलेले. त्याने दिवा मारला. मी परत मारला. त्याने पुन्हा मारला, तीनदा, चारदा. मला वाटलं, किती ओळखीचा असेल हा! मीही स्टिअरिंगजवळची दिव्याची दांडी धरून दाबतच राहिले. आणि माझ्यासमोर ती मोटरसायकल वाकडी झाली, खड्ड्यात गेली आणि आडवी पडली.

मी ब्रेक मारला. उतरून जवळ गेले. माणूस उठून बसला होता. पन्नाशीचा असेल, आरेतल्याच पाड्यावरचा. कोपर सोललेलं, पँट गुडघ्यावर फाटलेली. एका कॅनचं झाकण उडालं होतं आणि खड्डा दुधाने भरला होता. माझे दिवे त्याच्या तोंडावर तसेच होते, आणि तो हात डोळ्यांवर धरून ओरडत होता, "बंद करा ओ ती लाईट! आधी ती बंद करा!"

मी धावत जाऊन बंद केली. पाण्याची बाटली आणली. तो ओरडायचा थांबला, पण बोलायचा थांबला नाही. "केव्हाचा डिपर मारतोय मी. दिसत नाही का? खाली करायची सोडून आणखी तोंडावर मारताय! एक तर रस्ता हा असा, त्यात तुम्ही आंधळं करून टाकता. मेलो असतो ना मावशी!"

"चुकलं माझं," मी म्हणाले. "चला, डॉक्टरकडे नेते. बसा गाडीत."

"ह्या गाडीत? नको. आम्ही सगळे ओळखतो ही गाडी."

ऐकलंत ना? त्या माणसाचं रक्त निघत होतं, दूध वाहत होतं आणि माझं मन कुठे गेलं बघा. मी विचारलं, "ओळखता? कशी?"

"कशी म्हणजे? रोज येते. पांढरी गाडी, आंधळं करणारी बाई. रिक्षावाले, बसवाले, सगळे शिव्या घालतात. टपरीवर तोच विषय असतो. एक जण तर तुम्हाला थांबवून सांगून आला, तर तुम्ही म्हणे हात जोडून हसलात. आम्हाला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय."

मी त्याच्या कोपरावर पाणी ओतत होते. ओतत राहिले. मग विचारायचं नव्हतं तेही विचारलं. ह्यांचं नाव सांगितलं. चौदा वर्षं ह्याच रस्त्यावर बस चालवत होते, उंच, जाड मिशी, तबेल्याजवळ म्हशी उठेपर्यंत खाली उतरून विडी ओढत उभे राहायचे. आठवतात का?

त्याने खरंच आठवून बघितलं, हे मात्र मी विसरणार नाही. दुखत असताना दोन मिनिटं विचार केला. मग म्हणाला, "नाही ओ मावशी. किती ड्रायव्हर येतात, जातात. आता तर सगळे नवीन आहेत."

दुधाची भरपाई घेतली, डॉक्टरकडे आला नाही. मोटरसायकल हाताने ढकलत, लंगडत पाड्याकडे गेला. मी पार्किंग लाईट लावून, पहिल्या गिअरमध्ये, रस्त्याच्या कडेकडेने आरेतून बाहेर आले. कुठलाही दिवा समोरून आला की मान खाली घालत होते.

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर मिस्त्रीकडे गेले. त्याने दुकानामागच्या भिंतीसमोर गाडी उभी केली. भिंतीवर खडूची आडवी रेघ होती. माझे दिवे त्या रेघेच्या वितभर वर चढलेले. त्याने बघून कपाळाला हात लावला. "काकी, हे असं दोन महिने चालवलंत? कुणी डिपर नाही मारला?"

"मारले," मी म्हटलं. "खूप मारले."

"मग कळलं नाही तुम्हाला?"

"नाही."

त्याने बॉनेट उघडून स्क्रू फिरवला, आधी एका बाजूचा, मग दुसऱ्या बाजूचा, आणि तो उजेड भिंतीवरून हळूहळू खाली उतरला. रेघेच्या खाली येऊन थांबला. पैसे नको म्हणाला, पहिल्या वेळचंच काम आहे हे.

त्या रविवारी मुलाचा फोन उचलला. त्याला म्हटलं, "तू म्हणत होतास तसंच होतं." तो "जाऊ दे आई" म्हणाला. गाडी विकायचं त्याने काढलं नाही.

बुधवारी बोंबील घेऊन मुलुंडला गेले आणि संध्याकाळी परत निघाले. दिवे खाली केल्यामुळे रस्ता खरा आता दिसत होता. झाडांच्या फांद्या नाहीत, म्हशीचे डोळे नाहीत, फक्त समोरचं डांबर, त्यावरचे खड्डे आणि त्यांच्या कडा. एकही खड्डा चुकवायचा राहिला नाही. समोरून रिक्षा गेल्या, टेम्पो गेले, दोन बस गेल्या. कुणी दिवा मारला नाही. कुणी का मारेल? गाडी चालवण्यात काही चूकच नव्हती.

तबेल्यांच्या पुढे सरळ रस्ता लागतो. तिथे समोरून आणखी एक बस आली, अगदी रिकामी, शेवटच्या स्टॉपकडे निघालेली. ड्रायव्हर दिसत नव्हता. मला राहवलं नाही. आजपर्यंत मी फक्त उत्तरं दिली होती, आपणहून पहिल्यांदा दिवा मारला. दोनदा, जसा मारायचा असतो तसा, आणि हात वर केला.

बस थोडी हळू झाली. मग त्या ड्रायव्हरने, शहाण्या माणसासारखा, आपला दिवा खाली केला. माझ्या डोळ्यांवर येत असेल असं वाटलं असणार त्याला. "अरे, तसं नाही रे बाबा," मी गाडीत मोठ्याने म्हणाले, पण तोवर तो निघून गेला होता.